नव्या टीव्हीचा आणि घरातील पडद्यांचा वीजवापर: खरेदीपासून मोजणीपर्यंत

पूर्वी घरात एकच टीव्ही असे आणि बटण दाबून तो बंद केला की खरोखरच बंद होत असे. आता भिंतीवर मोठा टीव्ही, त्याखाली साउंडबार, बाजूला सेट-टॉप बॉक्स, मागे खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक, टेबलावर मॉनिटर, स्वयंपाकघरात बोलणारा छोटा पडदा आणि कपाटावर डिजिटल फोटो फ्रेम असा मोठा परिवार असतो, आणि त्यांतील बहुतेक यंत्रे रिमोटने बंद केल्यावरही थोडीफार वीज घेतच राहतात. अशी यंत्रे प्रथमच घेणाऱ्या किंवा नुकतीच घरी आणलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगतो. खोक्यावर ठळक छापलेल्या तंत्रज्ञानाच्या नावापेक्षा पडद्याचे क्षेत्रफळ, पडद्यावरचा उजेड आणि कोणी पाहत नसताना यंत्र किती जागे राहते, या तीन गोष्टींवर वीजवापर अधिक अवलंबून असतो. क्षेत्रफळ खरेदीच्या वेळी ठरते. उरलेल्या दोन्ही गोष्टी यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या हातात असतात.

पहिली पायरी: वॅट आणि युनिट यांतील फरक समजून घ्या

वॅट म्हणजे यंत्र एखाद्या क्षणी ज्या वेगाने वीज घेत आहे तो वेग, आणि युनिट म्हणजे काही काळात वापरलेली एकूण वीज. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात १००० वॅटचे यंत्र एक तास चालल्यावर होणारा वापर. १०० वॅट घेणारा टीव्ही रोज ५ तास चालला तर दिवसाला अर्धे युनिट आणि वर्षाला सुमारे १८२ युनिटे होतात. वॅटला तासांनी गुणावे आणि १००० ने भागावे, एवढे गणित या लेखाला पुरेसे आहे.

यंत्राच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर जो वॅटचा आकडा असतो, तो नेहमीचा वापर दाखवत नाही. पडदा सर्वाधिक उजळ, आवाज मोठा आणि यूएसबीला काही जोडलेले असताना यंत्र जास्तीत जास्त किती वीज घेऊ शकेल, याचा तो आकडा असतो. रोजचा वापर त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून वर्षाचा हिशेब मांडल्यास तो फुगलेला येतो.

दुसरी पायरी: आकार ठरवताना क्षेत्रफळाचा विचार करा

टीव्हीचा आकार इंचांत सांगितला जातो आणि ते इंच कर्णाचे असतात. वीज मात्र क्षेत्रफळाला लागते, आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ५५ इंचांऐवजी ६५ इंचांचा पडदा घेतला तर कर्ण सुमारे १८ टक्के वाढतो, क्षेत्रफळ मात्र जवळजवळ ४० टक्के. ३२ इंचांवरून ६५ इंचांवर गेल्यास क्षेत्रफळ चौपटीहून थोडे अधिक होते. तोच उजेड तेवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवायचा असल्याने वीजही बऱ्याच अंशी त्याच प्रमाणात वाढते. आतील प्रोसेसर, वाय-फाय आणि ध्वनी यांना लागणारी वीज तेवढी फारशी बदलत नाही. नवे तंत्रज्ञान प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे कमी वीज घेते हे खरे आहे, परंतु जुना लहान टीव्ही काढून दुप्पट क्षेत्रफळाचा नवा आणला की ती बचत बहुधा तिथेच संपते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला पुरेल एवढाच आकार निवडा, असा माझा आग्रह आहे. आकार एकदा ठरला की पुढे कोणत्याही सेटिंगने तो कमी करता येत नाही.

तिसरी पायरी: पडदा उजळतो कसा, हे जाणून घ्या

आज मिळणारे बहुतेक टीव्ही दोन कुळांतील आहेत. पहिले कूळ एलसीडीचे. ‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’, ‘मिनी-एलईडी’ या नावांनी विकले जाणारे बहुतेक टीव्ही याच कुळातले असतात. यात मागे एलईडी दिव्यांचा बॅकलाइट असतो आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर त्या प्रकाशाला ठिकठिकाणी अडवून चित्र तयार करतो. या रचनेत प्रकाश फार वाया जातो. ध्रुवक पट्टी (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पातळ थर) सुरुवातीलाच त्याचा मोठा भाग रोखते, आणि त्यानंतर प्रत्येक उपपिक्सेलवरील रंगगाळणी लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग पुढे सोडते. मागे निर्माण झालेल्या प्रकाशाचा अगदी लहान हिस्सा पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. साध्या एलसीडीत चित्र काळेकुट्ट असले तरी मागचे दिवे जळतच असतात. ज्या टीव्हीत बॅकलाइटचे अनेक विभाग करून प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय असते, तिथे अंधाऱ्या दृश्यांत वीज वाचते.

दुसरे कूळ ओएलईडीचे. यात बॅकलाइट नसतोच. प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळा पिक्सेल विझलेला असतो. त्यामुळे या पडद्याचा वापर चित्रानुसार सतत बदलतो. रात्रीच्या प्रसंगांनी भरलेला चित्रपट पाहताना तो कमी असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या वृत्तवाहिन्या, बर्फावरचे खेळ किंवा संगणकावरील पांढरे पान दाखवताना बराच वाढतो. संपूर्ण पडदा पांढरा झाला तर ओएलईडी टीव्ही स्वतःहून उजेड कमी करतो, कारण तसे केले नाही तर वीज आणि उष्णता दोन्ही मर्यादेबाहेर जातील. मेन्यूचा किंवा अ‍ॅपचा रंग काळा ठेवल्याने ओएलईडीवर वीज वाचते, साध्या एलसीडीवर जवळजवळ नाही. ‘ओएलईडी म्हणजे कमी वीज’ किंवा ‘ओएलईडी म्हणजे जास्त वीज’ अशी दोन्ही विधाने ऐकू येतात. तुम्ही काय पाहता हे कळल्याशिवाय त्यांपैकी कोणतेही स्वीकारू नये.

पिक्सेलच्या संख्येचाही वीजवापराशी संबंध आहे. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख, ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख आणि ८के पडद्यावर सुमारे ३.३ कोटी पिक्सेल असतात. एलसीडीत पिक्सेल जितके बारीक, तितकी त्यांच्यातील वायरिंग आणि ट्रान्झिस्टर यांनी व्यापलेली जागा प्रमाणाने वाढते आणि प्रकाशाला वाट कमी उरते. तोच उजेड मिळवण्यासाठी बॅकलाइट अधिक जोरात चालवावा लागतो. युरोपीय संघाने १ मार्च २०२३ पासून ८के टीव्हींनाही ऊर्जेची कमाल मर्यादा लागू केली, तेव्हा अनेक ८के टीव्ही मुळातल्या चित्रसेटिंगवर त्या मर्यादेत बसणे कठीण झाले होते. ८के मध्ये तयार झालेले कार्यक्रम मुळातच थोडे असताना त्यासाठी रोज जादा वीज खर्च करणे मला तरी पटत नाही.

चौथी पायरी: ऊर्जेचे लेबल नीट वाचा

लेबलांची पद्धत देशागणिक वेगळी असली तरी वाचताना पाहायच्या गोष्टी त्याच राहतात. उदाहरण म्हणून १ मार्च २०२१ पासून लागू झालेले युरोपीय संघाचे लेबल घेऊ. त्यावर ए ते जी अशी श्रेणी असते आणि वापर १००० तासांमागे किती किलोवॅट-तास, असा छापलेला असतो. हा आकडा वाचायला अत्यंत सोपा आहे, कारण १००० तासांना ८७ किलोवॅट-तास म्हणजे सरासरी ८७ वॅट. रोज पावणेतीन तास टीव्ही पाहिला तर वर्षात साधारण १००० तास होतात, म्हणजे तोच आकडा थेट वर्षाची युनिटे सांगतो. तुम्ही रोज साडेपाच तास पाहत असाल तर तो दुप्पट करा.

श्रेणीचे अक्षर किंवा ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नका, कारण श्रेणी ठरवताना आकाराचा विचार केलेला असतो. मोठ्या पडद्याला चांगली श्रेणी मिळूनही तो वाईट श्रेणीच्या लहान पडद्यापेक्षा अधिक वीज घेऊ शकतो. तुलना नेहमी युनिटांची करा. त्याच लेबलवर एचडीआर (चमकते भाग अधिक उजळ दाखवणाऱ्या) चित्रासाठी वेगळी श्रेणी आणि वेगळा आकडा असतो, आणि तो साध्या चित्राच्या आकड्याहून सहसा बराच मोठा असतो. शिवाय लेबलवरचे आकडे मुळातल्या सेटिंगवर मोजलेले असतात. तुम्ही सेटिंग बदलली की लेबलचा तुमच्या टीव्हीशी असलेला संबंध सुटतो.

पाचवी पायरी: पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नका

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी याच वेळी घरातील सर्वांना चित्र पाहण्याची घाई झालेली असते. टीव्ही प्रथम सुरू केल्यावर तो कुठे वापरला जाणार आहे, असा प्रश्न विचारतो. त्याला ‘होम’ हेच उत्तर द्या. ‘स्टोअर’, ‘रिटेल’ किंवा ‘डेमो’ हे पर्याय दुकानातील प्रखर प्रकाशात पडदा उठून दिसावा म्हणून असतात, आणि त्यांत उजेड कमाल पातळीला जातो. दुकानात मांडून ठेवलेला टीव्ही विकत घेतला असेल तर तो त्याच स्थितीत घरी येण्याची शक्यता असते. तेव्हा फॅक्टरी रीसेट करून सुरुवातीपासून मांडणी करावी.

त्यानंतर चित्राचा मोड पाहा. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हे मोड रंग भडक आणि उजेड प्रखर करतात. ‘स्टँडर्ड’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हे मोड घरातील मंद प्रकाशात डोळ्यांना सुखावणारे असतात आणि साधारणपणे वीजही कमी घेतात. मात्र एक काळजी घ्यावी. खोलीतील उजेडानुसार पडदा आपोआप मंद करणारा सेन्सर आणि तत्सम वीजबचतीच्या सोयी मुळातल्या मोडमध्ये चालू असतात, आणि मोड बदलताच त्या मुकाट्याने बंद झाल्याचे अनेक टीव्हींत आढळते. म्हणून आवडीचा मोड निवडून झाल्यावर मेन्यूत परत जावे आणि या सोयी अजून चालू आहेत का ते पाहावे. सेन्सरसमोर साउंडबार किंवा शोभेची वस्तू येणार नाही, हेही बघावे. सेन्सर झाकला गेला तर त्याला खोली कायम अंधारीच वाटते आणि चित्र नको इतके मंद होते. मग घरातील कोणीतरी वैतागून तो कायमचा बंद करते.

उजेड हाताने कमी करायचा असेल तर कोणता सरकता पट्टा हलवायचा, याबाबत नवख्यांची हमखास चूक होते. अनेक टीव्हींत ‘ब्राइटनेस’ नावाचा पट्टा काळ्या भागांची छटा बदलतो. तो कमी केल्यावर चित्रातील बारकावे बुडतात आणि वीज मात्र तेवढीच लागते. वीज वाचवणारा पट्टा ‘बॅकलाइट’, ‘ओएलईडी लाइट’ किंवा ‘पिक्सेल ब्राइटनेस’ अशा नावाचा असतो. काही नव्या टीव्हींत मात्र ‘ब्राइटनेस’ हेच नाव बॅकलाइटला दिलेले असते. ओळखण्याची खूण अशी: पट्टा खाली आणल्यावर चित्रातील पांढरा भागही मंद झाला तर तोच योग्य पट्टा.

एचडीआरबद्दल थोडेसे. साधे चित्र सुमारे १०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) उजेड गृहीत धरून तयार केले जाते, तर एचडीआर चित्रातील चमकते भाग १००० निट किंवा त्याहून अधिक उजेडासाठी तयार केलेले असतात. एचडीआर कार्यक्रम सुरू होताच अनेक टीव्ही बॅकलाइट थेट कमाल पातळीवर नेतात. चित्रपटासाठी ते योग्य आहे, कारण त्याचे सौंदर्य त्यात खुलते. साध्या कार्यक्रमांना कृत्रिमरीत्या एचडीआरसारखे करणारी सोय मात्र बंद ठेवावी. तिच्यामुळे दिवसभराच्या बातम्यासुद्धा चित्रपटाच्या उजेडात चालतात.

सहावी पायरी: बंद यंत्राची वीज शोधा

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये स्टँडबायचा, म्हणजे रिमोटने बंद केलेल्या पण प्लग लावलेल्या यंत्राचा, वापर १ वॅटवर आणण्याचे उद्दिष्ट मांडले. आजच्या टीव्हींना ते जमते. युरोपीय नियमांत साध्या स्टँडबायची मर्यादा अर्धा वॅट आणि नेटवर्कशी जोडलेल्या स्टँडबायची २ वॅट आहे. अर्ध्या वॅटने रोज १९ तास धरले तर वर्षाला साडेतीन युनिटे होतात, आणि एवढ्यासाठी जीव कासावीस करण्याचे कारण नाही. खरी अडचण ‘क्विक स्टार्ट’, ‘इन्स्टंट ऑन’ यांसारख्या सोयींची आहे. टीव्ही काही सेकंद लवकर सुरू व्हावा म्हणून त्या आतील प्रोसेसर जागा ठेवतात. अशा स्थितीत एखादा टीव्ही १५ वॅट घेत असेल तर रोजच्या १९ तासांचे वर्षाला १०४ युनिटे होतात. आपण वर मांडलेल्या उदाहरणात प्रत्यक्ष पाहण्यासाठी १८२ युनिटे लागत होती, हे लक्षात घेतले तर त्या काही सेकंदांची किंमत समजते. ही सोय बंद करा. आवाजाने टीव्ही सुरू करणे किंवा फोनवरून नेटवर्कद्वारे जागा करणे या सोयी तुम्ही खरोखर वापरत असाल तरच ठेवा.

टीव्ही फ्रेमसारखा दिसावा म्हणून बंद असताना चित्रे दाखवणारा मोड हल्ली लोकप्रिय आहे. या मोडमध्ये पडदा बंद झालेला नसतो, केवळ मंद झालेला असतो. तो वापरायचाच असेल तर खोलीत कोणी नसताना पडदा विझवणारा हालचालीचा सेन्सर चालू ठेवावा आणि रात्रीची वेळ ठरवून द्यावी. टीव्हीवर फक्त गाणी ऐकत असाल तर आवाज चालू ठेवून चित्र बंद करण्याचा पर्याय मेन्यूत शोधावा; बहुतांश वीज पडद्यालाच लागत असल्याने वापर लगेच उतरतो.

भिंतीवरचे बटण बंद करणे हा साधा उपाय आहे, परंतु ओएलईडी टीव्हीच्या बाबतीत थोडे थांबावे. काही तासांच्या वापरानंतर हे टीव्ही बंद केल्यावर पिक्सेलांची झीज समतोल करणारी एक छोटी प्रक्रिया आपोआप चालवतात. रिमोटने बंद करताच लगेच वीज तोडली तर ती प्रक्रिया होत नाही आणि पडद्यावर डाग उमटण्याचा धोका वाढतो.

सातवी पायरी: टीव्हीच्या सोबत्यांचा हिशेब करा

सेट-टॉप बॉक्स हा या परिवारातील सर्वांत दुर्लक्षित सदस्य. अनेक बॉक्स समोरचा दिवा लाल झाल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतात, आणि रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क असलेले बॉक्स त्याहून अधिक. १५ वॅटचा बॉक्स वर्षभर अखंड चालला तर १३१ युनिटे होतात. त्याच्या मेन्यूत ‘इको’ किंवा ‘डीप स्टँडबाय’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. सुरू व्हायला वेळ लागेल, तो सहन करावा.

व्हिडिओ पाहण्यासाठी गेम कन्सोल वापरण्याची सवय मोडावी. मोठ्या कन्सोलला चित्रपट दाखवायलाही ५० वॅट किंवा अधिक वीज लागू शकते, तर स्ट्रीमिंग स्टिकचे काम दोन-चार वॅटमध्ये होते. टीव्हीतील स्वतःचे अ‍ॅप वापरले तर वेगळे यंत्रच लागत नाही. बोलणारे छोटे पडदे आणि फोटो फ्रेम काही वॅटच घेतात, मात्र चोवीस तास. ३ वॅटचे यंत्र वर्षाला २६ युनिटे घेते. ई-पेपरचा पडदा यात वेगळा ठरतो, कारण एकदा उमटलेले चित्र टिकवून ठेवायला त्याला वीज लागत नाही. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरना २०० ते ३०० वॅट लागणे सामान्य आहे, तेव्हा ते रोजच्या बातम्यांसाठी वापरू नयेत.

एचडीएमआयमधील सीईसी ही सोय चालू केली की टीव्ही बंद करताच साउंडबार आणि इतर जोडलेली यंत्रेही स्टँडबायमध्ये जातात. कधी कधी तीच सोय एका यंत्रासोबत नको असलेली यंत्रेही जागी करते, त्यामुळे पहिले काही दिवस लक्ष ठेवावे.

आठवी पायरी: प्रत्यक्ष मोजा

सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळाला तर उत्तम. चालू स्थितीत निदान तासाभराची सरासरी घ्यावी, कारण चित्रानुसार आकडा वरखाली होतो. बंद केल्यावर लगेच दिसणारा आकडा खरा मानू नये. टीव्ही काही वेळ अपडेट उतरवण्यात गुंतलेला असू शकतो. तासाभराने पुन्हा पाहावे, आणि शेवटी पूर्ण चोवीस तासांची युनिटे नोंदवावीत. स्वस्त मापक एक-दोन वॅटच्या खाली फारसे विश्वासार्ह नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

मापक नसेल तर घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लुकलुकणारा दिवा उपयोगी पडतो. मीटरवर एका युनिटमागे किती लुकलुक होतात ते छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल तर प्रत्येक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॅट-तास; दर १० सेकंदांनी एक लुकलुक होत असेल तर घरात त्या वेळी ११२.५ वॅट वापर चालू आहे. फ्रिज, पंखे इत्यादी सर्व यंत्रे शक्य तेवढी बंद करून, टीव्ही चालू आणि बंद अशा दोन वेळा मोजले की फरक टीव्हीचा निघतो.

जुना टीव्ही चांगला चालत असेल तर केवळ वीज वाचावी म्हणून तो बदलण्यापूर्वी हीच मोजणी त्यावरही करावी. समजा नवा टीव्ही ४० वॅटने कमी वीज घेतो आणि रोज ४ तास चालतो, तर वर्षाला सुमारे ५८ युनिटांची बचत होते. नवा पडदा तयार करतानाही मोठी ऊर्जा खर्ची पडलेली असते, आणि त्यातच तो आकाराने मोठा असेल तर बचत उरणारच नाही.

मोजणी झाल्यावर तारीख, चित्राचा मोड, बॅकलाइटचा आकडा, चालू असतानाचे वॅट आणि बंद असतानाचे वॅट, एवढी नोंद हमीपत्रासोबत ठेवावी. सॉफ्टवेअरच्या मोठ्या अपडेटनंतर काही टीव्ही सेटिंग पूर्ववत करतात किंवा ‘क्विक स्टार्ट’ पुन्हा चालू करतात, आणि तसे घडल्याचे या नोंदीशिवाय कळत नाही. अपडेट झाल्याची सूचना दिसली की त्याच दिवशी मेन्यू उघडून हे सर्व पर्याय नोंदीशी ताडून पाहावेत आणि बंद स्थितीतील वॅट पुन्हा एकदा मोजावेत.